व्हर्जिनियाच्या कायद्यातले टिपणीस

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दीनानाथ टिपणीसांनी कॉम्प्युटर चालू केला, वंशावळीचा प्रोग्रॅम उघडला, आणि प्रोग्रॅमनं त्यांना ओळखलं नाही.

पडद्यावर एक पिवळी चौकट आली. ही प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंदलेली असून तिचा परवाना तूर्त स्थगित केला आहे, परवाना देणाऱ्या कंपनीशी संपर्क साधावा, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं. खाली बटण एकच होतं, बंद करण्याचं. दीनानाथांनी ते दाबलं. प्रोग्रॅम बंद झाला. त्यांनी तो पुन्हा उघडला आणि पुन्हा तीच चौकट आली. सात वेळा असं झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि आठव्यांदा करून पाहिलं.

गोष्ट दोन हजार तीन सालची आहे. दीनानाथांना नॉटिंगहॅममध्ये येऊन चौतीस वर्षं झाली होती. त्यातली अठ्ठावीस त्यांनी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली. कार्डावर सही केल्याशिवाय त्यांनी कधी कुणाची फाईल उघडली नाही आणि दुसऱ्यालाही उघडू दिली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी टिपणीस घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. चार वर्षं पत्रं लिहून, फोन करून, दोनदा भारतात जाऊन त्यांनी नऊ पिढ्यांची अकराशे चाळीस माणसं जमवली आणि या प्रोग्रॅममध्ये भरली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी ज्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या, ते आता हयात नव्हते.

कागद मात्र त्यांनी ठेवले नव्हते. नोंद एकाच ठिकाणी असावी, नाहीतर कुठली खरी यावरून घोळ होतो, हा रेकॉर्ड विभागातला नियम. त्यामुळे एकेक कार्ड कॉम्प्युटरमध्ये गेलं की त्याच संध्याकाळी ते कागद कातरणाऱ्या श्रेडरमध्ये जात असे. श्रेडर त्यांनी त्यासाठी मुद्दाम आणला होता.

बिघाडाचं मूळ शोधायला वेळ लागला नाही. आदल्या रविवारी त्यांचा पुतण्या अवधूत येऊन गेला होता. तो पुण्याहून वर्क परमिटवर आलेला, ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. काकांचा कॉम्प्युटर फार सावकाश चालतो हे पाहून त्यानं प्रेमानं नवी हार्ड डिस्क बसवून दिली होती. सगळं जसंच्या तसं तिच्यावर आणलं होतं. पण नवी डिस्क म्हणजे नवा कॉम्प्युटर, असं प्रोग्रॅमचं मत पडलं.

फोन केल्यावर अवधूतला वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. "काका, टेन मिनिट्सचं काम आहे," तो म्हणाला. "मी तो चेक बायपास करतो. वीकेंडला येतो ना."

"बायपास म्हणजे कुलूप तोडायचं?"

"तोडायचं नाही काही. कुलूप नाहीच आहे असं त्याला वाटायला लावायचं."

दीनानाथांनी नको म्हणून सांगितलं. चौकटीत कंपनीशी संपर्क साधा असं लिहिलंय, तेव्हा आधी संपर्क साधू.

प्रोग्रॅम नॉटिंगहॅमच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतलेला होता, खोक्यावर 'आयर्लंडमध्ये तयार केले' असं छापलं होतं, आणि मदतीचा नंबर अमेरिकेतला, व्हर्जिनिया राज्यातला निघाला. तिथलं ऑफिस इकडे दुपारचे दोन वाजले की उघडायचं. दोन वाजता दीनानाथ कागद-पेन्सिल घेऊन फोनपाशी बसले. पलीकडे लॉरी नावाची बाई होती. आवाज गोड आणि घाई अजिबात नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परवान्याच्या कराराचं चौदावं कलम पाहा म्हणून सांगितलं. करार कुठे आहे, असं यांनी विचारलं. प्रोग्रॅमच्या आत, 'मदत' या नावाखाली आहे, असं ती म्हणाली. प्रोग्रॅम तर उघडतच नाही, असं यांनी सांगितलं. मग लॉरी म्हणाली की हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, आणि फॅक्स नंबर मागितला.

कोपऱ्यावरच्या न्यूजएजंटकडे, म्हणजे पेपरच्या दुकानात, फॅक्स होता. एकोणीस पानं आली. सतराव्या पानाला त्याचा रोल संपला, त्यानं कुरकुरत नवा घातला. दीनानाथांनी ती पानं घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि वाचायला बसले. जेवणाच्या आधी बारावं कलम झालं, जेवणानंतर एकविसावं. अर्चनाबाईंनी दोनदा हाका मारल्या. बाविसाव्या कलमापाशी ते थांबले ते थांबलेच.

"अगं, हे बघ काय लिहिलंय. या कराराला कॉमनवेल्थ ऑफ व्हर्जिनियाचा कायदा लागू राहील."

अर्चनाबाईंनी विचारलं की मग त्याचं काय.

"कॉमनवेल्थ म्हणजे राणीचं. व्हर्जिनिया कधीपासून राणीकडे आलं?"

हा प्रश्न त्यांना बुधवारभर पुरला. लायब्ररीतल्या संदर्भ विभागातल्या बाईंनी गुरुवारी खुलासा केला की व्हर्जिनिया स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवतं इतकंच, राणीचा त्याच्याशी सव्वादोनशे वर्षांत संबंध आलेला नाही. दीनानाथांचा थोडा विरस झाला, कारण खासदाराला लिहायच्या पत्राचा मसुदा त्यांनी करून ठेवला होता. पण त्यांना खरोखर कुतूहल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नॉटिंगहॅमच्या दुकानात घेतलेली, आयर्लंडमध्ये तयार झालेली चीज. तिच्यात टिपणीसांच्या चौलजवळच्या मूळ गावातल्या माणसांची नावं. आणि ती नावं वाचायची की नाही हे ठरवणार व्हर्जिनिया. हे कुणी ठरवलं, आणि कधी? आपण त्याला हो म्हटलं होतं का?

म्हटलं होतं. ते लॉरीनं शुक्रवारच्या फोनवर सांगितलं. चौदा फेब्रुवारी एकोणीसशे नव्याण्णव रोजी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी 'मला मान्य आहे' हे बटण दाबलं होतं, आणि नंतर परवाना दोनदा नव्यानं वाढवून घेताना पुन्हा दाबलं होतं.

शनिवारी त्यांची मुलगी ईशिता घरी आली. ती इथेच जन्मलेली, सव्वीस वर्षांची, शहरातल्याच एका सॉलिसिटर फर्ममध्ये ट्रेनी. बाबांशी मराठीतच बोलायचं हा तिचा नियम होता. मराठीतली लिंगं मात्र तिनं कधी मनावर घेतली नव्हती.

"बाबा, मी तुमचा लायसन्स सगळी वाचली," ती दुपारी म्हणाली. "इट्स अॅक्च्युअली रिअली इंटरेस्टिंग. सॉफ्टवेअर आणि डिजिटल इन्फर्मेशनसाठी एक स्पेशल कायदा केली आहे तिकडे. पण फक्त दोन स्टेटमध्ये. व्हर्जिनिया आणि मेरीलँड."

बाकीच्या राज्यांचं काय, असं दीनानाथांनी विचारलं. ईशितानं सांगितलं की बाकीच्यांनी तो घेतला नाही, आणि काही राज्यांनी तर आपल्या लोकांना त्याच्यापासून वाचवायला उलटा कायदा केला. वकील लोक त्याला बॉम्ब शेल्टर म्हणतात. म्हणजे तुमच्या करारात व्हर्जिनिया लिहिलेलं असलं, तरी आमच्या माणसाला ते लागू नाही.

दीनानाथ फार खूष झाले. कायद्यापासून लपायला कायदा, ही गोष्ट त्यांनी तिच्याकडून दोनदा सांगून घेतली. मग आपल्याला इंग्लंडात असं शेल्टर आहे का, असं विचारलं.

"आहे. थोडासा." ईशिता एकेक शब्द शोधत होती. "घरगुती ग्राहक असेल, तर इकडची प्रोटेक्शन काढून घेता येत नाही. करारात काही पण लिहू दे. पण कुठली कायदा, ते डिपेंड करते, तुम्ही कोण आहे त्याच्यावर."

"मी कोण आहे म्हणजे? मी दीनानाथ टिपणीस आहे."

"मग काही प्रॉब्लेम नाही," ईशिता म्हणाली, आणि प्रॉब्लेम तिथेच सुरू झाला.

सोमवारी दीनानाथांनी लॉरीला अभिमानानं कळवलं की आपण घरगुती ग्राहक आहोत. लॉरीनं नोंद काढून पाहिली. नोंदीप्रमाणे परवाना दीनानाथ टिपणीस या माणसाचा नव्हताच. परवाना 'टिपणीस परिवार मंडळ, यू.के.' या संस्थेचा होता. दीनानाथ टिपणीस हे तिचे अध्यक्ष होते.

त्याचं असं झालं होतं की नोंदणीच्या कार्डावर 'संस्था' असा एक रकाना होता. दीनानाथांनी आयुष्यात कुठलाही रकाना मोकळा सोडला नव्हता. मंडळ असं काही नव्हतं, पण रकान्यात काहीतरी लिहायला हवं म्हणून त्यांनी ते लिहिलं. खालच्या रकान्यात 'हुद्दा' विचारला होता. मंडळात ते एकटेच असल्यामुळे अध्यक्ष कोण याबद्दल वाद नव्हता. पुढे नाव बरं दिसतं म्हणून त्यांनी लेटरहेड छापून घेतलं. वॉटफर्डचा चुलतभाऊ उदय जरा मानापमानवाला, त्याला वाईट वाटू नये म्हणून एका पत्रानं उपाध्यक्ष केलं. आणि आता ईस्टरच्या शनिवारी वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये मंडळाचं पहिलं संमेलन होतं. त्याच लेटरहेडवर निमंत्रणं गेली होती. चौसष्ट टिपणीस यायचे होते, आणि कुलवृत्तांत छापून त्यांच्या हातात पडायचा होता.

लॉरीच्या कंपनीचं म्हणणं सरळ होतं. परवाना संस्थेचा असेल तर संस्था अस्तित्वात असल्याचा दाखला पाठवा, लगेच नवा कोड देतो. संस्था नसेल, परवाना घरगुती असेल, तर ती संस्था अस्तित्वात नाही असं वकिलासमोर सही करून लिहून द्या, तरीही कोड देतो. दोन्हीपैकी काहीतरी एक द्या.

मंडळाचा दाखला दीनानाथांकडे असणं शक्य नव्हतं. राहिलं ते नसण्याचं प्रतिज्ञापत्र. ईशितानं आपल्या फर्ममधल्या एका ज्येष्ठ वकिलाची वेळ घेतली. दीनानाथ सूट घालून गेले आणि पाकिटातून घरी टाइप करून आणलेला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. वकिलांनी तो वाचला. मग उजेडाकडे धरून पुन्हा वाचला. 'टिपणीस परिवार मंडळ, यू.के. या नावाची कोणतीही संस्था अस्तित्वात नाही,' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वर मधोमध, निळ्या उठावाच्या अक्षरांत, 'टिपणीस परिवार मंडळ, यू.के.' असं छापलेलं होतं. सहीखाली 'अध्यक्ष' होतं.

घरात दुसरा चांगला कागद नव्हता, असं दीनानाथांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. वकिलांनी गंभीरपणे आपल्याकडचा कोरा कागद दिला. ईशिता खिडकीतून बाहेर बघत राहिली. कागद त्याच संध्याकाळी व्हर्जिनियाला रवाना झाला.

आता दीनानाथांना राहवेना. अमेरिकेत एक लिहून द्यायचं आणि वॉटफर्डमध्ये दुसरं करायचं, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी उदयला फोन करून हॉलचं बुकिंग मंडळाऐवजी त्याच्या स्वतःच्या नावावर करायला सांगितलं. उदयनं कारण विचारलं. दीनानाथांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, व्हर्जिनिया, मेरीलँड, बॉम्ब शेल्टर. उदयनं सगळं ऐकून घेतलं. तो वॉटफर्डमध्ये तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस, गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची सवय होती.

"दीनूदादा," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी कशाचा उपाध्यक्ष होतो?"

"तसं म्हटलं तर कशाचाच नाही."

"आमच्या समरच्या लग्नाच्या पत्रिकेत छापलं मी. निमंत्रक म्हणून. नावाखाली."

उदयनं शांतपणे फोन ठेवला. त्याचं ते शांत राहणं दीनानाथांना फार लागलं. पुढचे दहा दिवस वॉटफर्डहून फोन आला नाही. व्हर्जिनियाहूनही काही आलं नाही. कागद कायदेविभागाकडे आहे, एवढंच लॉरी दर वेळी सांगायची. आता ती यांना मिस्टर टी म्हणू लागली होती, आणि आज नॉटिंगहॅमला हवा कशी आहे हेही विचारायची.

अर्चनाबाईंनी एकदा सुचवलं की अवधूतला बोलावून घ्या आणि मोकळे व्हा. पोरगा दहा मिनिटांत करतो म्हणतोय, एवढी माणसं यायचीत. दीनानाथ दोन दिवस त्याचा विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की आपण लिहून दिलेला शब्द आहे, तो कुठल्या राज्यात धरायचा एवढाच वाद आहे. शब्द दिला नव्हता असा वाद नाही.

संमेलनाचा दिवस उजाडला तरी कोड आला नव्हता. दीनानाथ, अर्चनाबाई आणि ईशिता सकाळी मोटारवेनं वॉटफर्डला निघाले. गाडीच्या मागच्या सीटवर, जिथे चौसष्ट पुस्तकांची खोकी असायला हवी होती, तिथे अर्चनाबाईंनी केलेल्या वड्यांचे डबे होते.

हॉलच्या दाराशी उदय उभा होता. त्यानं दादांना वाकून नमस्कार केला आणि आत नेलं. आत भिंतीवर कापडी फलक होता, 'टिपणीस परिवार मंडळ, यू.के., स्थापना सभा'. दहा दिवस उदय रुसून बसला नव्हता. त्यानं घटना लिहून काढली होती. नाही ना मंडळ, मग आज करू, एवढाच त्याचा विचार होता. जेवणानंतर ठराव येणार होता.

त्याआधी दीनानाथांना बोलावं लागलं. चौसष्ट माणसं खुर्च्यांवर बसली होती. काही स्कॉटलंडहून आदल्या दिवशी निघालेली. त्यांनी सांगितलं की पुस्तक तयार नाही. का नाही, तेही सांगितलं, एकही पायरी न गाळता. वाटलं होतं लोक चिडतील. पण लोकांना विषय आवडला. ग्लासगोहून आलेल्या एका जावयानं उठून सांगितलं की स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे, त्यामुळे हे शेल्टर आम्हाला लागू होतं का ते पाहावं लागेल. कुणी विचारलं की विमानात बसून बटण दाबलं असतं तर कुठला कायदा. कुणी म्हणालं की मग आयर्लंडला काहीच अधिकार नाही का. ईशिता उत्तरं देत होती. तिच्या मराठीला तेवढे शब्द पुरेनात तेव्हा अवधूत तिच्या शेजारी उभा राहून भाषांतर करू लागला. त्यालाही पुरेनात तेव्हा दोघंही इंग्रजीत गेली. दीनानाथ बाजूला बसून लक्ष देऊन ऐकत होते. विमानाचा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

लेस्टरहून नीनाआत्या आल्या होत्या. वय ब्याऐंशी, हातात काठी, पहिल्या रांगेत बसलेल्या. वीस मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. मग काठी जमिनीवर टेकली.

"दीनू, मला एक सांग. माझ्या आजीचं नाव वाचायला अमेरिकेची परवानगी लागते?"

"सध्या तसं झालंय खरं, आत्या."

"वाचायला लागते ना? सांगायला नाही ना लागत?"

दीनानाथांनी ईशिताकडे पाहिलं. ईशितानं मान हलवली. नाही लागत.

"मग लिहून घे. सावित्री. तिची आई भागीरथी. भागीरथीची आई यमुना, ती पेणची."

लिहायला कागद नव्हता. उदयनं आतून टेबलांवर अंथरायच्या पांढऱ्या कागदाचा अख्खा रोल आणला आणि टेबलं एकाला एक लावून त्यावर उलगडला. अवधूतनं खिशातलं पेन काढलं, कुणाच्या तरी पर्समधून मुलांची रंगीत फेल्टपेनं निघाली. पहिली पाच मिनिटं लोक लाजत होते. मग सगळेच बोलू लागले. या टोकाला कुणी म्हणायचं की बाबूरावांना तीन मुलगे, त्या टोकाहून उत्तर यायचं की चार, धाकटा नागपूरला दत्तक गेला. एका काकांना स्वतःच्या आजोबांचं नाव आठवेना, ते त्यांच्या सुनेनं सांगितलं. जेवणाची वेळ टळून गेली. अर्चनाबाई आणि उदयची बायको वड्यांची ताटं माणसांच्या हातांतून फिरवत राहिल्या, तेलाचे डाग वंशावळीवर पडत राहिले. एका डागाभोवती अवधूतनं वर्तुळ काढून 'वडा, नोंद नाही' असं लिहिलं.

चार वाजेपर्यंत कागद बेचाळीस फूट झाला होता. हॉल पाचला सोडायचा होता. उदयनं घाईघाईनं ठराव मांडला आणि तो एकमतानं संमत झाला. अध्यक्षपदासाठी त्यानं स्वतःचं नाव लिहून आणलं होतं. ते त्यानं खिशातून काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि दीनूदादांचं नाव सुचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीनानाथांना बराच वेळ खाली बघावं लागलं.

मंगळवारी टपालातून व्हर्जिनियाचं पाकीट आलं. कायदेविभागाला प्रतिज्ञापत्र मान्य होतं. मंडळ अस्तित्वात नाही आणि परवाना घरगुती आहे हे कंपनीनं मान्य केलं होतं. घरगुती ग्राहकाला त्याच्या देशातलं जे संरक्षण असेल ते त्याला मिळेल, असं एक वाक्य होतं. खाली सोळा अक्षरांचा कोड.

दीनानाथांनी कोड टाकला नाही. ते दोन वाजायची वाट बघत बसले. अर्चनाबाईंनी कशाची वाट बघताय म्हणून विचारलं, तर ते म्हणाले की ज्या मंडळाचं नसणं त्यांनी मान्य केलंय, ते शनिवारपासून आहे.

ईशितानं ऑफिसमधून फोनवर त्यांना समजावायचा प्रयत्न केला. "बाबा, तुम्ही सही केली तेव्हा तो पत्र खरा होता. ते पुरते."

"ते पत्र," दीनानाथ म्हणाले. "आणि पुरतं."

"तेच. पुरतं."

पण त्यांना पुरलं नाही. दोन वाजता त्यांनी लॉरीला फोन लावून सगळं सांगितलं. शनिवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मंडळ स्थापन झालं, आपण अध्यक्ष झालो, तेव्हा कोड परत पाठवायचा असेल तर पाठवतो. लॉरीनं त्यांना थांबायला सांगितलं. सहा मिनिटं फोनवर संगीत वाजलं. मग ती परत आली.

"मिस्टर टी, मी कुणालाही विचारलं नाही. नुसती इथे बसून विचार करत होते. तुम्ही कोड वापरा."

"कुठल्या कायद्याप्रमाणे?" दीनानाथांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माझ्या," लॉरी म्हणाली.

प्रोग्रॅम उघडला. अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस माणसं जागच्या जागी होती. दीनानाथांनी एकेक पिढी खाली उतरत सगळ्यांची हजेरी घेतली. मग बेचाळीस फुटांचा कागद बैठकीच्या खोलीत अंथरला. तो जिन्यापर्यंत गेला. कॉम्प्युटरमधलं नाव आणि कागदावरचं नाव असं एकेक ताडून पाहायला त्यांनी सुरुवात केली.

पुरुषांची नावं बहुतेक जुळत होती. पण कागदावर दोनशे एकतीस नावं जास्त होती, आणि ती सगळी बायकांची होती. नीनाआत्यांनी सुरुवातच आजी, तिची आई आणि आईची आई अशी केली होती, तीच रीत पुढे सगळ्यांनी धरली. प्रत्येक सुनेच्या वर तिची आई आणि आईची आई. दीनानाथांच्या प्रोग्रॅममध्ये सून जिथे घरात आली तिथे तिचं नाव होतं, आणि तिच्या वर काहीच नव्हतं. तिथे रकाना नव्हता असं नाही. रकाना होता. तो मोकळा होता. एकेक पाहत गेल्यावर असे मोकळे रकाने त्यांना शेकड्यांनी दिसले. चार वर्षांत एकदाही दिसले नव्हते.

ते गुडघ्यांवर रांगत पुढे सरकले आणि स्वतःच्या नावापाशी आले. शेजारी अर्चना होती. तिच्या वर कागदावरही काही लिहिलेलं नव्हतं. सगळे लिहीत होते तेव्हा ती वड्यांची ताटं फिरवत होती.

दीनानाथ तसेच जमिनीवर बसून राहिले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. आणि व्हर्जिनियाला राणी लागू आहे का, हे विचारायला ते भर पावसात लायब्ररीत गेले होते.

"अर्चना," त्यांनी हाक मारली. "तुझ्या आईच्या आईचं नाव काय गं?"

अर्चनाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग यांच्याकडे, कंपनीनं हेही फॅक्सनं मागवलंय की काय अशा नजरेनं.

"कशाला हवंय?"

"लिहायचंय."

"कुणाला पाठवायला?"

"कुणाला नाही. मलाच हवंय."

अर्चनाबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला, हात धुतले, आणि एक खुर्ची ओढत आणून कागदाच्या कडेला ठेवली.

"मथुरा," त्या बसत म्हणाल्या. "पण ते सासरचं. माहेरचं वेगळं होतं. आणि सासरी मथुरा ठेवलं तरी तिनं स्वतः ते कधी सोडलं नव्हतं, ती निराळीच गोष्ट आहे. पेन्सिलीला नीट टोक करून घ्या. वेळ लागेल."